रियाचे: उशिरा येणारा पैसा, लवकर संपणारी मुदत

निर्वासित, स्थलांतर आणि इंटिग्रेशन, म्हणजे नव्याने आलेल्यांना समाजात सामावून घेणं, या विषयावरच्या प्रशिक्षण कार्यशाळेत आमच्या गटाच्या वाट्याला इटलीतल्या रियाचे या छोट्या गावाचं प्रकरण आलं. गटात जर्मनीतल्या एका नगरपालिकेतले अधिकारी होते, पोलंडमधली एक शिक्षिका, इटलीतली एक तरुण वकील आणि सीरियातून येऊन जर्मनीत स्थिरावलेला एक नर्स. मी स्वतः जर्मनीत राहते आणि नव्याने आलेल्या कुटुंबांना शाळाप्रवेश, दवाखाना, भाडेकरार यांच्या कागदपत्रांत मदत करणाऱ्या एका स्थानिक गटात काम करते.

रियाचेबद्दल युरोपात दोन कहाण्या सांगितल्या जातात. एका कहाणीत भला महापौर ओस पडलेलं गाव निर्वासितांना बोलावून पुन्हा वसवतो. दुसरीत सरकारी पैसा मनाला येईल तसा वापरणारा महापौर अखेर कायद्याच्या तावडीत सापडतो. फाइलमधले कागद वाचल्यावर मला दोन्ही अपुऱ्या वाटल्या. माझ्या मते हे प्रकरण वेळेचं आहे. निर्वासितांसाठीचा सरकारी पैसा उशिरा येतो आणि त्यांना दिलेली मुदत लवकर संपते. या कात्रीत सापडलेल्या एका छोट्या गावाने वीस वर्षं काय काय केलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, ते नीट पाहायला हवं.

गाव

रियाचे इटलीच्या पार दक्षिणेला, कालाब्रिया प्रांतात, आयोनियन समुद्राच्या बाजूला आहे. जुनं गाव डोंगरावर आणि किनाऱ्यालगतची नवी वस्ती काही किलोमीटर खाली. दोन्ही मिळून लोकसंख्या साधारण दोन हजार. १९७२ मध्ये इथल्या समुद्रात दोन प्राचीन ग्रीक कांस्यपुतळे सापडले आणि गावाचं नाव जगभर झालं, पण त्याने कोणाला रोजगार मिळाला नाही. माणसं मिलान आणि तुरिनला गेली, अर्जेंटिना, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेली. वरच्या गावातली घरं एकेक करून बंद झाली. गणपतीला आणि शिमग्याला तेवढी उघडणारी कोकणातली घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. पोरं कमी झाल्यामुळे शाळा चालवणं कठीण झालं, गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानं बसली.

१ जुलै १९९८ रोजी सुमारे २०० कुर्द निर्वासितांना घेऊन आलेली एक नौका रियाचेच्या किनाऱ्याला लागली. त्याआधी काही महिने, १९९७ च्या डिसेंबरात, ‘अरारात’ नावाचं जहाज आठशेहून अधिक लोकांना घेऊन याच किनारपट्टीवर येऊन थडकलं होतं. त्यातल्या काही कुर्द कुटुंबांना जवळच्या बादोलातो गावाने रिकाम्या घरांत जागा दिली होती. म्हणजे कल्पना हवेत होतीच. रियाचेत ती उचलली डोमेनिको लुकानो या शिक्षकाने. गावात सगळे त्यांना मिम्मो म्हणतात. १९९९ मध्ये त्यांनी आणि काही साथीदारांनी ‘चित्ता फुतुरा’ ही संस्था काढली. तिला नाव जोडलं होतं पालेर्मोत १९९३ साली माफियाने मारलेले पाद्री ज्युझेप्पे पुलीझी यांचं. परदेशी गेलेल्या घरमालकांशी बोलून घरं वापरायला घेतली, कर्ज काढून ती दुरुस्त केली.

गावाची ग्रामदैवतं म्हणावीत असे संत कोस्मास आणि दामियान हे जुळे वैद्य, परंपरेनुसार पूर्वेकडून आलेले. सप्टेंबरातल्या त्यांच्या जत्रेला रोमा (जिप्सी) समाजाचे लोक मोठ्या संख्येने येतात. परकी माणसं गावात येण्याची सवय रियाचेला थोडीफार होती, असं आमच्या इटालियन वकील मैत्रिणीचं म्हणणं. मला ते पूर्ण पटलं नाही. जत्रा दोन-तीन दिवसांची असते, शेजार वर्षानुवर्षांचा.

घर आणि काम

२००१ पासून इटलीत नगरपालिकांमार्फत निर्वासितांची सोय करणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो ‘स्प्रार’ या नावाने ओळखला गेला. रियाचे त्यात सुरुवातीपासून होतं. २००४ मध्ये लुकानो महापौर झाले आणि सलग तीन वेळा निवडून आले. गावाच्या वेशीवर ‘रियाचे, स्वागताचं गाव’ अशा अर्थाची पाटी लागली.

रियाचेची खरी निवड पहिल्या दिवसापासूनची होती: छावणी नाही, घरं. एका गल्लीत एक म्हातारी कालाब्रियन बाई, तिच्या शेजारी इरिट्रियन कुटुंब, समोर अफगाण. यावर गटातल्या पोलिश शिक्षिकेने मला एकदम विचारलं, “तू महाराष्ट्रातली ना? मग वळिवडे तुला माहीत असेल.” तिच्या शहरातल्या एका वृद्ध बाईंचं बालपण कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत गेलं होतं. सोव्हिएत रशियाने सायबेरियात हाकललेले पोलिश लोक इराणमार्गे भारतात आले आणि १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार जण वळिवड्याला राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउट होते. तिथे त्यांना जीव वाचवणारा आसरा मिळाला आणि तो कृतज्ञतेने आजही आठवला जातो. पण ती वस्ती वेगळीच राहिली, आणि युद्धानंतर ती माणसं निघून जाणार हे दोन्ही बाजूंनी धरूनच चाललं होतं. त्या शिक्षिकेचा मुद्दा असा की, आसरा देणं आणि आपल्यात सामावून घेणं ही दोन निराळी कामं आहेत. पहिल्यासाठी छावणी पुरते. दुसऱ्यासाठी घर लागतं, शाळा लागते, आणि ज्याच्याशी रोज बोलावं लागेल असा माणूस लागतो.

रियाचेने त्यासाठी कार्यशाळा काढल्या, म्हणजे कारागिरीच्या. मातीची भांडी, काचकाम, विणकाम, भरतकाम. प्रत्येक ठिकाणी शक्यतो एक गावकरी आणि एक निर्वासित जोडीने काम करत. जुन्या गावातल्या अरुंद, चढणीच्या गल्ल्यांत कचऱ्याची गाडी जात नाही, म्हणून दारोदार कचरा गोळा करायला गाढवं वापरली आणि ते काम सहकारी संस्थांना दिलं. पाळणाघर आणि शाळा चालू राहिली. दुभाषे, शिक्षक, समुपदेशक, हिशेबनीस म्हणून गावातल्या शिकलेल्या तरुणांना नोकऱ्या मिळाल्या. कालाब्रियात राहून पगार मिळवणं ही तिथल्या तरुणांसाठी केवढी गोष्ट आहे, हे आमच्या वकील मैत्रिणीने पुन्हापुन्हा सांगितलं.

पस्तीस युरोंचा प्रवास

सगळ्यात जास्त वेळ आम्ही या भागावर घालवला आणि तो घालवायलाच हवा होता.

इटलीत त्या काळात एका निर्वासितामागे दिवसाला साधारण ३५ युरो मिळत, हा आकडा घराघरात माहीत होता. “त्यांना रोज पस्तीस युरो मिळतात आणि आमच्या पोराला काम नाही,” हे वाक्य तिथल्या राजकारणात हजारदा वापरलं गेलंय. प्रत्यक्षात ते पैसे निर्वासिताच्या हातात पडत नाहीत. ते व्यवस्था चालवणाऱ्या संस्थेकडे जातात आणि त्यातून घरभाडं, वीज, भाषेचे वर्ग, वकील, दुभाषे, कर्मचाऱ्यांचे पगार निघतात. माणसाच्या हातात रोजचे अडीचेक युरो येतात. म्हणजे या रकमेचा मोठा भाग गावातच फिरतो.

पण तो वेळेवर यायला हवा. रियाचेला हे पैसे कित्येक महिने उशिरा मिळायचे. तेवढ्या काळात खायचं काय? यावर गावाने स्वतःचं टोकन छापलं, नोटेसारखं. त्यावर गांधीजी, मार्टिन ल्यूथर किंग, चे गेव्हारा अशी चित्रं होती. निर्वासितांनी टोकन देऊन गावातल्या दुकानांत खरेदी करायची, दुकानदाराने ते जपून ठेवायचं आणि रोमहून पैसे आले की पालिकेकडून युरो घ्यायचे.

प्रशिक्षकांनी आम्हाला हा व्यवहार खेळून दाखवायला सांगितला. मी किराणा दुकानदार झाले, नर्स चार माणसांच्या कुटुंबाचा कर्ता, जर्मन अधिकारी पालिकेचे हिशेबनीस, वकील रोममधलं मंत्रालय. टेबलावर एकेक महिन्याचं कार्ड पडत गेलं. पहिल्या महिन्यात सगळं छान: कुटुंब माझ्याकडून पीठ, टोमॅटो, तेल घेतं, मी गल्ल्यात टोकन टाकते. दुसऱ्या महिन्यात मला माल भरायचाय आणि ठोक व्यापारी टोकन घेत नाही. तिसऱ्या महिन्यात मी माझ्या घरचे पैसे दुकानात घालते. चौथ्या महिन्यात मी नर्सला विचारते, “अजून किती दिवस?” आणि त्याच्याकडे उत्तर नाही, कारण उत्तर रोममध्ये आहे. पालिकेचे हिशेबनीस माझ्यासमोर वही उघडतात. माझी बाकी त्यात नीट लिहिलेली आहे, पण तिजोरी रिकामी. पाचव्या महिन्याला मी शेजारणीला सांगते की, या लोकांमुळे माझं दुकान अडकलंय.

ते वाक्य माझ्या तोंडून आपोआप आलं. ते कोणी लिहून दिलं नव्हतं. त्या क्षणी दुकानदार बाई बिनव्याजी कर्ज देत होती ते इटलीच्या सरकारला, पण तिला समोर दिसत होतं ते परदेशी कुटुंब. द्वेष कसा तयार होतो यावर कार्यशाळेत आम्ही बरंच ऐकलं होतं, मात्र बिल थकल्यामुळे तो तयार होतो हे मला त्या टेबलावर कळलं.

टोकनाची दुसरी बाजूही तेवढीच खरी. बांधून दिलेलं धान्याचं पुडकं घेणं वेगळं आणि दुकानात उभं राहून “हा नको, तो लाल टोमॅटो द्या” म्हणणं वेगळं. त्या खरेदीतून भाषा येते, नावं कळतात, दुकान चालू राहतं. नर्सने मात्र एक मुद्दा शेवटपर्यंत सोडला नाही. टोकनावर जवळच्या लोक्री शहराला जायची बस मिळत नाही. टोकन घरी आईला पाठवता येत नाही. “ज्या पैशाला वेशीबाहेर किंमत नाही, तो हातात असताना मी गावचा होतो की गावात अडकतो?” हा प्रश्न ज्याने स्वतः अशा व्यवस्थेत दिवस काढलेत, त्यालाच सुचतो. आमच्यापैकी बाकी कोणाला तो सुचला नव्हता.

सहा महिने

पैसा उशिरा, हे एक टोक. दुसरं टोक मुदतीचं. आश्रय मंजूर झाला की स्प्रारमध्ये साधारण सहा महिने राहता येई, काही कारणाने वाढ मिळे, आणि मग बाहेर. अर्ज नामंजूर झाला तर थांबायचा प्रश्नच नाही.

सहा महिन्यांत भाषा, काम, घर? जर्मनीत इंटिग्रेशन कोर्सचे सर्वसाधारण ७०० तास असतात, ६०० भाषेचे आणि १०० देशाची, कायद्याची ओळख करून देणारे. त्यानंतरही माझ्याकडे येणाऱ्या बायकांना डॉक्टरसमोर आपलं दुखणं सांगताना अडखळायला होतं. रियाचे तर अशा प्रांतात, जिथे स्थानिकांनाच काम मिळत नाही. त्यामुळे मुदत संपलेली अनेक माणसं, विशेषतः लहान मुलं असलेली कुटुंबं, गावाने बाहेर काढलीच नाहीत. इटालियन प्रशासनाच्या भाषेत हे ‘दीर्घ मुक्काम करणारे’. पुढे खटल्यात हाच एक मोठा मुद्दा झाला.

मुदत पाळली असती तर काय झालं असतं, हे शोधायला लांब जायला नको. त्याच कालाब्रियात, दुसऱ्या किनाऱ्याकडे, रोझार्नोचा संत्र्यांचा पट्टा आहे. तिथे आफ्रिकी शेतमजूर पडक्या कारखान्यांत आणि झोपड्यांत राहायचे. जानेवारी २०१० मध्ये मजुरांवर एअरगनने गोळ्या झाडल्या गेल्या, दंगल पेटली आणि हजाराहून अधिक मजुरांना तिथून हलवावं लागलं. पुढेही जवळच्या सान फेर्दिनांदोमध्ये झोपड्यांची वस्ती राहिली. जानेवारी २०१८ मध्ये तिथे लागलेल्या आगीत एका तरुण स्त्रीचा मृत्यू झाला. ती आधी रियाचेत राहत होती. आश्रयाचा अर्ज नाकारला गेल्यावर तिला तिथून बाहेर पडावं लागलं होतं. फाइलमधला हा उल्लेख जेमतेम दोन ओळींचा आहे. माझ्यासाठी पूर्ण प्रकरणातला सर्वांत जड कागद तोच.

खटला

२०१६ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकाने जगातल्या ५० प्रभावी नेत्यांच्या यादीत लुकानो यांना ४० वं स्थान दिलं. त्याच वर्षी तपासण्या सुरू झाल्या. जिल्हा प्रशासनाच्या काही अहवालांत हिशेबातल्या त्रुटी नोंदल्या गेल्या, तर २०१७ च्या सुरुवातीच्या एका अहवालात कामाची भरभरून प्रशंसा होती. एकाच गावाबद्दल, एकाच कार्यालयाकडून.

२ ऑक्टोबर २०१८ रोजी लुकानोंना नजरकैदेत टाकलं. आरोप होते परवान्यासाठी सोयीची लग्नं लावून बेकायदा स्थलांतराला मदत केल्याचे आणि निविदा न काढता कचऱ्याचं काम दिल्याचे. तेव्हा स्थलांतराला कडवा विरोध करणारे मात्तेओ साल्विनी गृहमंत्री होते. काही दिवसांतच मंत्रालयाने रियाचेतला प्रकल्प बंद करून निर्वासितांना हलवायचं ठरवलं. लुकानोंची नजरकैद उठली, पण गावात राहायला बंदी आली आणि ती जवळजवळ वर्षभर टिकली. कारागिरीची दुकानं बंद झाली, पगार थांबले. मे २०१९ च्या निवडणुकीत लुकानोंचा गट हरला, त्याच वेळच्या युरोपीय निवडणुकीत साल्विनींचा पक्ष रियाचेत पहिल्या क्रमांकावर आला. वेशीवरची स्वागताची पाटी काढून संत कोस्मास आणि दामियान यांच्या नावाची लावली गेली. २०२० मध्ये देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने रियाचेला राष्ट्रीय कार्यक्रमातून वगळणं बेकायदा ठरवलं. तोवर माणसं गेली होती.

सप्टेंबर २०२१ मध्ये लोक्रीच्या न्यायालयाने लुकानोंना १३ वर्षं २ महिन्यांची शिक्षा सुनावली. सरकारी पक्षाने मागितली होती त्यापेक्षा ती बरीच जास्त होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये अपिलात जवळपास सगळे आरोप गळाले. उरलं एका कागदपत्रातल्या खोट्या नोंदीचं प्रकरण आणि दीड वर्षाची, तीही स्थगित, शिक्षा. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दरम्यान जून २०२४ मध्ये लुकानो युरोपीय संसदेवर निवडून आले आणि रियाचेच्या लोकांनी त्यांना पुन्हा महापौरही केलं.

जर्मन अधिकारी या भागात सर्वांत कठोर होते आणि त्यांचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या मते लुकानोंनी शिल्लक पैसा घरांत, तेलाच्या घाण्यात, गावाच्या उद्योगात गुंतवला, यामागचा विचार बरोबर होता: अनुदान थांबलं तरी काही उभं राहावं. पण तो निर्णय लेखी स्वरूपात, ठरावाने, वरच्या कार्यालयाची मंजुरी घेऊन नव्हता. नोंद नसलेला चांगला निर्णय आणि नोंद नसलेला गैरव्यवहार तपासणाऱ्याला सारखेच दिसतात. आणि त्याची शिक्षा फक्त महापौराला होत नाही, त्या गल्लीतल्या कुटुंबांना होते. वकील मैत्रीण यावर चिडली. तिच्या मते महिनोन्‌महिने पैसे थकवणाऱ्या मंत्रालयाला वहीची शिस्त शिकवायचा अधिकार नाही. मला दोघांचंही पटतं. मंत्रालय चुकलंच. पण पुढच्या गावाने ते गृहीत धरून आपली वही आधीच पक्की ठेवावी, कारण मंत्री बदलतील तेव्हा तीच तेवढी कामी येईल.

आणखी एक गोष्ट मला या कागदांत खटकली. संस्था, सहकारी मंडळ्या, पालिका, सगळीकडे निर्णय घेणारे इटालियन. वीस वर्षांत काही हजार माणसं या गावातून गेली, पण हिशेब कोण पाहतं, घर कोणाला मिळतं, टोकन चालू ठेवायचं की नाही, हे ठरवणाऱ्या जागी त्यांच्यापैकी कोणी ठळकपणे दिसत नाही. युरोपीय संघाने २००४ मध्ये मान्य केलेल्या इंटिग्रेशनच्या तत्त्वांतलं पहिलंच तत्त्व सांगतं की, ही दोन्ही बाजूंनी जुळवून घेण्याची प्रक्रिया आहे. रियाचेतल्या गावकऱ्यांनी खूप जुळवून घेतलं, निर्वासितांनीही. अधिकार मात्र एकाच माणसाभोवती गोळा झाला, आणि त्याला गावाबाहेर काढल्याबरोबर सगळं थांबलं.

आम्ही काय लिहून दिलं

अखेरीस प्रत्येक गटाने एका काल्पनिक छोट्या पालिकेसाठी शिफारशी लिहायच्या होत्या. आमच्या अशा होत्या. पहिला निर्वासित येण्याआधी पालिकेने किमान सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढा फिरता निधी उभा करावा, बँकेकडून किंवा प्रांताकडून, म्हणजे उशिराचा भार दुकानदारावर पडणार नाही. टोकन काढलंच तर त्याची मुदत जाहीर असावी आणि बस-फोनसाठी रोख वेगळी मिळावी. मुदत संपलेल्या प्रत्येक माणसाची यादी दर महिन्याला, थांबवण्याच्या कारणासह, लेखी वर पाठवावी. उत्तर आलं नाही तरी पाठवावी. अनुदानावर न चालणारं निदान एक काम दुसऱ्या वर्षापर्यंत गावात उभं राहावं. खर्च ठरवणाऱ्या समितीत निर्वासितांच्या जागा राखीव असाव्यात.

एका मुद्द्यावर एकमत झालं नाही. आश्रय मिळालेल्यांना ठरावीक काळ नेमून दिलेल्या भागात राहायची सक्ती असावी का? जर्मनीत २०१६ पासून असा नियम आहे: ज्यांना पुरेसं काम मिळालेलं नाही, त्यांना सहसा तीन वर्षं त्याच राज्यात राहावं लागतं. अधिकाऱ्यांच्या मते त्याशिवाय छोट्या गावांना शाळा आणि घरांचं नियोजन करताच येत नाही, आणि रियाचेतून माणसं उत्तरेकडे जात राहिली तेव्हा गावाची मेहनतही त्यांच्याबरोबर गेली. नर्सचं म्हणणं असं की, त्याचा भाऊ ज्या शहरात होता तिथे त्याला जाऊ दिलं असतं, तर तो वर्षभर आधी कामाला लागला असता. दोघंही आपापल्या जागी ठाम राहिले. आम्ही दोन्ही मतं त्यांच्या कारणांसकट तशीच अहवालात लिहिली आणि अहवाल दिला.